एक गाडी पोटाची, एक गाडी मनाची

२०२५ च्या दिवाळीत आमच्या घरी एक सभा भरली होती. विषय एकच : अंगणात आंब्याखाली उभी असलेली जुनी फियाट ठेवायची की मोडीत काढायची? सभेचे अध्यक्ष अर्थातच काका. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते, त्यांच्या हाती फंडाची थोडी रक्कम आली होती. आणि हाती रक्कम आलेल्या माणसाला सल्ला देणारे आपल्याकडे कधीच कमी पडत नाहीत. काकांचा ठराव असा : फियाट भंगारवाल्याला द्यावी आणि फंडातले पैसे घालून एक भलीमोठी, उंच, डोंगरावरही चढेल अशी दणकट गाडी घ्यावी. म्हणजे तीच रोजची, तीच लग्नकार्याची आणि तीच हौसेची! "एका गाडीत सगळं भागतं. दोन गाड्या आणि फजिती ऐका!" असे म्हणून त्यांनी जुन्या म्हणीला नवा साज चढवला. सारे हसले आणि हसण्याच्या भरातच ठराव मंजूर झाला. खरेदीचा मुहूर्त मात्र पाडव्याचा ठरला.

मी म्हणाले, "मला हे पटत नाही."

"तू इतिहासाची विद्यार्थिनी. तुला इंजिनातलं काय कळतं?" काका म्हणाले आणि सभा फराळाकडे वळली.

ते अर्धवट राहिलेले भाषण मी आज इथे पुरे करते आहे. अंकात लिहिताना मध्येच कोणी तोडत नाही, हा लेखनाचा मोठाच फायदा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. माणसाला गाडी दोन कारणांसाठी हवी असते. एक, रोज कुठेतरी वेळेवर पोहोचायचे असते म्हणून; आणि दुसरे, कधीकधी कुठेच पोहोचायचे नसते म्हणून! ही दोन कामे एकमेकींच्या इतकी विरुद्ध आहेत, की ती एकाच गाडीच्या गळ्यात बांधली म्हणजे दोन्ही बिघडतात. वर्षातल्या पाच दिवसांच्या हौसेचा खर्च आपण तीनशे साठ दिवस भरत राहतो, आणि त्या पाच दिवसांतही ती मोठी गाडी वातानुकूलित खोलीसारखी आपल्याला नुसती वाहून नेते. तेव्हा ज्याला शक्य आहे त्याने एक साधी, छोटी, सुरक्षित गाडी पोटासाठी ठेवावी, आणि एक जुनी, स्वस्त, संथ गाडी मनासाठी.

हे नुसते बोलून काका ऐकणार नाहीत हे मला ठाऊक होते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे चार महिने मी एक वही ठेवली. घरातले कोण, कधी, कुठे, कितीजण आणि कोणत्या रस्त्याने गेले, याची रोजची नोंद. एकूण दिवस १२०. त्यांपैकी ९२ दिवस आई शाळेत गेली. ती जावळी तालुक्यातल्या एका गावी शिक्षिका आहे. घरापासून शाळा २१ किलोमीटर. या ९२ दिवसांत बरोबर असलीच तर तिच्या शाळेतली एक बाई, म्हणजे माणसे जास्तीत जास्त दोन आणि रस्ता डांबरी. १७ दिवस कामे गावातलीच : दवाखाना, बाजार, बँक. ८ दिवस सगळे कुटुंब मिळून कुठेतरी गेलो. आणि ज्या रस्त्याला दणकट गाडीच हवी असे म्हणता येईल, असे दिवस किती? तीन! तेही एका जत्रेचे.

आता हिशेब पाहा. शाळा आणि गाव मिळून महिन्याला सुमारे ११०० किलोमीटर होतात. लिटरमागे १८ किलोमीटर जाणाऱ्या छोट्या गाडीला त्यासाठी ६१ लिटर पेट्रोल लागेल. ११ किलोमीटर जाणाऱ्या मोठ्या गाडीला १००. फरक महिन्याला ३९ लिटरचा. शंभरी ओलांडलेल्या पेट्रोलच्या भावाने वर्षाचे ४६ हजारांहून अधिक रुपये झाले. तीन दिवसांच्या जत्रेसाठी एवढे पैसे मोजण्यापेक्षा त्या तीन दिवसांपुरती जीप भाड्याने सांगितलेली काय वाईट? शिवाय सप्टेंबर २०२५ पासून सरकारनेही छोटी आणि मोठी गाडी यांच्यात स्पष्ट रेघ ओढली आहे. चार मीटरांच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्के, आणि मोठ्या गाडीवर ४० टक्के. काकांच्या स्वप्नातली गाडी दुसऱ्या रकान्यात पडते.

पण वहीतल्या आकड्यांहून मोठी गोष्ट मला वही लिहिताना उमगली. एका संध्याकाळी मी आईला विचारले, "तुला कोणती गाडी आवडेल गं?" ती भाकरी थापत होती. वर न पाहता म्हणाली, "मला गाडी नको. मला साडेसहाला घरी पोहोचायचंय."

शाळा सुटल्यावरची एसटी पाच मिनिटांनी चुकली, की पुढची थेट सातला. मग अंधारात फाट्यावर उभे राहायचे, नाहीतर कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून यायचे. आईचे हे अकरावे वर्ष आहे. दिवाळीच्या सभेत फियाटवर बोलणे झाले, मोठ्या गाडीवर झाले, तिच्या रंगावरसुद्धा झाले. पण ज्या बाईला रोज ४२ किलोमीटर जायचे-यायचे आहे, तिला कोणी एक शब्द विचारला नव्हता. मीही नाही. मला माझी फियाट वाचवायची होती, इतकेच. त्या संध्याकाळी मला लाज वाटली. म्हणून पोटाच्या गाडीचा पहिला नियम मी वहीत तिथल्या तिथे लिहिला : जो रोज चालवणार, त्यानेच ती निवडावी. बाकीच्यांनी फार तर किल्ली फिरवून पाहावी!

दुसरा नियम सुरक्षिततेचा. रोजच्या गाडीत मौज नसली तरी चालेल, पण ब्रेक आणि पट्टे चोख हवेत. आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस, म्हणजे जोराने ब्रेक दाबला तरी चाके जखडू न देणारी योजना, २०१९ साली सक्तीची झाली. पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग २०२२ पासून सर्वच नव्या गाड्यांत आल्या. मोटारी आपटून त्यांना तारे देणारी भारत एनकॅप ही परीक्षा ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात सुरू आहे. विद्यार्थ्याचा निकाल बघून स्थळ पाहायला जाणाऱ्या आपल्या समाजाने गाडीचाही निकाल पाहायला हरकत नाही.

तिसरा नियम असा, की रोजच्या गाडीवर फार जीव जडू नये. बाजारात कोणाची पिशवी घासली, शाळेच्या पोरांनी मागच्या काचेवरच्या धुळीत बोटाने नाव लिहिले, तर झोप उडता कामा नये. जिला जपावे लागते ती गाडी रोजच्या कामाची नव्हे.

आता मनाच्या गाडीकडे वळते. इथे तरुण मित्रांशी माझा खरा मतभेद आहे. मौज म्हणजे वेग, असे बहुतेकांनी ठरवून टाकले आहे. पण विचार करा : आजच्या ताकदवान गाडीत मौज सुरू होते ती कोणत्या वेगाला? ज्या वेगाला समोर अचानक म्हैस आली तर काहीच करता येत नाही, त्या वेगाला! तोपर्यंत आत बसलेल्याला काही कळतच नाही. उलट आमची फियाट घ्या. १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचे, ताकद चाळिशीच्या आसपास अश्वशक्तीची. म्हणजे आजची रोजची छोटी गाडीसुद्धा तिला सहज मागे टाकेल. गिअरचा दांडा जमिनीवर नाही, स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला. पुढचे आसन बाकासारखे सलग. थंडीत चोक ओढायचा, कान देऊन इंजिन ऐकायचे, मग चोक हळूहळू आत सारायचा. साताऱ्याहून कासकडे निघाले, की यवतेश्वरच्या घाटात ती तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुरते आणि दुसऱ्यात गाऊ लागते. त्रिकोणी काच उघडली की वारा थेट कानशिलावर येतो. वळणावर ताशी चाळीसच्या वेगालाही हात, पाय, कान आणि डोके सगळे कामाला लागतात. ही मौज कायद्यात बसते, खिशात बसते आणि सहसा कोणाचा जीव घेत नाही.

हे माझे खूळ नाही. परदेशातही मौजेच्या गाडीचा आदर्श म्हणून जिचे नाव घेतात, ती जपानी माझदा एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघड्या टपाची मोटार १९८९ साली आली तेव्हा तिचे वजन टनाच्या आत होते आणि ताकद बेताचीच. तरी २०१६ पर्यंत अशा १० लाख गाड्या तयार झाल्या. हलकेपणा, साधेपणा आणि गाडीचे बोलणे हाताला कळणे, यात मौज आहे. घोड्यांच्या संख्येत नाही.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या गाड्या तयार होऊ लागल्या आणि सत्तरच्या दशकात त्यातल्याच एकीला पद्मिनी हे नाव मिळाले. माझ्या आजोबांनी, म्हणजे अण्णांनी, ही गाडी नाव नोंदवून, वाट पाहून घेतली. तेव्हा ती हौसेची गाडी नव्हतीच. तिने उसाचे पेरे वाहिले, बाळंतिणी दवाखान्यात नेल्या, आत्याची वरात काढली. एका घरात एक गाडी आणि तीच सगळ्याला, हे काकांचे म्हणणे अण्णांच्या काळात खरेच होते. कारण दुसरी मिळतच नव्हती. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकाला मिळाली आणि हळूहळू रोजची गाडी म्हणजे काय, याची व्याख्याच बदलली. पुढे पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती रस्त्यावर तग धरून होती; त्यांतली शेवटचीही २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तात्पर्य, कालची पोटाची गाडी आज मनाची झाली आहे. आजची मनाची गाडी महागड्या दुकानात शोधायला नको. ती बहुधा आपल्याच अंगणात आंब्याखाली उभी असते.

प्रत्येकाने फियाटच ठेवावी असा मात्र माझा हट्ट नाही. शेतकऱ्याच्या घरी जुनी जीप असेल. कोणाला १९८५ ते २०१९ या काळात बनलेली मारुती जिप्सी मिळेल. कोणाला मोटारसायकलच पुरेल. कसोटी एवढीच, की दुसरी गाडी पहिलीसारखी नसावी. पहिली बंद तर दुसरी उघडी, पहिली झटपट तर दुसरी संथ, पहिली आपणहून सगळे करणारी तर दुसरी आपल्याकडून करवून घेणारी. दोन्ही सारख्याच असल्या तर ती जोडी नव्हे. त्या नुसत्या दोन गाड्या.

आता आक्षेप. काकांचे नव्हे, माझ्या मनातले. कारण ते अधिक अवघड आहेत.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. २०२४ च्या पावसाळ्यात मी फियाट घेऊन कासहून परतत होते. वाटेत ओढ्याचे पाणी रस्त्यावर आले होते. मी त्यातून गाडी काढली आणि घाट उतरू लागले. पहिल्या वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी थांबेना! चारही चाकांचे ब्रेक ड्रमचे. आत पाणी गेले होते. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक ओढून, डोंगराच्या बाजूला चाके घासत ती कशीबशी थांबली. हात कितीतरी वेळ थरथरत होते. चूक गाडीची नव्हे, माझी. पाण्यातून निघाल्यावर हलका ब्रेक दाबत थोडे अंतर जायचे, म्हणजे ड्रम सुकतात, हे मिस्त्रीकाकांनी मला दोनदा सांगितले होते. त्या दिवसापासून मी नियम पाळते : पावसात नाही, रात्री नाही, पुणे-बंगळूर महामार्गावर तर नाहीच, आणि आत्याची लहान मुले त्या गाडीत बसणार नाहीत. पट्टेही मागाहून बसवून घेतले. मनाची गाडी म्हणजे जिवाशी खेळ नव्हे. आणि ज्या गाडीला एवढे नियम लागतात, ती आईला रोज द्यावी असे मी यापुढे कधीही म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप धुराचा. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाचा धूर नव्या गाडीपेक्षा वाईट, हे मान्य केलेच पाहिजे. यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे : कमी चालवा. आमची फियाट वर्षाला हजार किलोमीटरही जात नाही. पर्यावरण कर आम्ही भरतो, धुराची तपासणी करतो. २०२५ पासून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही, म्हणून त्या नळ्या बदलल्या. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण आता १० हजार रुपयांना पडते, आणि तेही पाचच वर्षांसाठी. ही किंमत ज्याला द्यायची नाही, त्याने गाडी ठेवू नये. केवळ अण्णांची आठवण म्हणून ती आंब्याखाली गंजू देणे हा आठवणीचाही अपमान आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत मोठा. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे आपल्या देशात शंभरातल्या जेमतेम आठ कुटुंबांकडे मोटार आहे. मग 'आदर्श जोडी' वगैरे बोलायचा मला अधिकार काय? माझ्या वर्गातल्या बहुतेक मैत्रिणींची रोजची गाडी एसटीच आहे. आईचीही तीच होती. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे पडते, त्याचा तिला आनंदच होता. सातऐवजी साडेपाचला एक गाडी सुटली असती, तर आमच्या घरी पहिली मोटार घेण्याचे कारणच उरले नसते. हे मी कबूल करते. म्हणूनच माझे म्हणणे 'दोन गाड्या घ्या' असे नाही. घ्यायचीच असेल, तर गरजेपुरती छोटी घ्या. हौस असेल, तर ती जुन्यावर, आपल्या कष्टाच्या पैशांतून आणि आपल्याच अंगणात भागवा. दुसरी गाडी गल्लीत, लोकांच्या दारात लावावी लागत असेल, तर ती मौज आपली आणि त्रास शेजाऱ्यांचा होतो. आणि सर्वांत शेवटची अट : उद्या पैसा लागला तर दुसरी गाडी डोळे पुसून विकता आली पाहिजे. पहिलीवर घर चालते. दुसरीवर चालता कामा नये.

आता पाडव्याला काय झाले ते सांगते. वही काकांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून बेरजा तपासल्या. एकही चुकली नव्हती, याचे त्यांना वाईट वाटले असावे. मग ते म्हणाले, "वहिनी, तुम्हीच सांगा काय ते." आई म्हणाली, "भाऊजी, मला तीन गाड्या चालवून बघू द्या." तिने त्या कुठे चालवल्या? संध्याकाळी सहाला मोती चौकात! मग आमच्या अरुंद बोळातून मागे घेऊन पाहिल्या. साडी न आवरता आत बसता येते का, वह्यांचा गठ्ठा शेजारी राहतो का, उतरताना गुडघ्यावर भार येतो का, हे पाहिले. विक्रेता तिला पडद्यावरची गाणी दाखवत होता. ती आरसे पाहत होती. शेवटी तिने वॅगनआर निवडली. छताला उंच, लांबीला साडेतीन मीटरांहून थोडी अधिक, आणि सहा एअरबॅग. बाबांच्या फंडातली बरीच रक्कम तशीच राहिली.

फियाटला एक वर्षाची मुदत मिळाली आहे. अट अशी, की तिचा खर्च घरातून होणार नाही. मी संध्याकाळी दहावीच्या चार मुलींची शिकवणी घेते; ते पैसे खाऊच्या जुन्या डब्यात पडतात आणि डबा भरला की मिस्त्रीकाकांकडे रिकामा होतो. पुढच्या पाडव्याला डबा आणि गाडी दोन्ही सभेपुढे येतील आणि सभा काय तो निर्णय देईल. तो मला मान्य असेल.

आई आता साडेसहाच्या आत घरी असते. परवा चहा घेताना म्हणाली, की फाट्यावर दिवे लागलेले तिने कितीतरी दिवसांत पाहिले नाहीत.

काकांना माझे म्हणणे अजून पटलेले नाही. दोन गाड्या म्हणजे उधळपट्टी, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मात्र रविवारी पहाटे मी चोक ओढून फियाट सुरू केली, की मफलर गुंडाळून पुढच्या बाकावर आधी तेच येऊन बसलेले असतात.